चांगुणाबाईचे सहा आठवडे

चांगुणाबाईला कुणी सोशिक म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या प्रकल्पाच्या पुस्तिकेत तिचा फोटो आहे, हातात काचेची नळी धरलेला, आणि खाली नेमकं तेच छापलंय: ‘सोशिक ग्रामीण महिला’. ज्यानं हे लिहिलं तो तिला कधी भेटलेला नाही. चांगुणाबाईनं सोसलं वगैरे काही नाही. तिनं डूख धरला, वीस वर्षं धरला, आणि ज्याच्यावर धरला त्याला भर सभेत गाठलं. मी तिथं होते, म्हणून सांगते.

माझं नाव योगिनी. राहणार बुलढाणा. डेन्मार्कचं सरकार आणि आपलं सरकार यांनी मिळून खेड्यापाड्यांच्या नळयोजनांचा कारभार सुधारायचं ठरवलं, त्या प्रकल्पात मी नोकरीला आहे. पाहुण्यांचं इंग्रजी गावाला समजावायचं आणि गावाचं बोलणं पाहुण्यांना, हे माझं मुख्य काम. धामणगाव बढ्याहून सात-आठ किलोमीटरवरचं एक गाव माझ्याकडे होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून जावं लागतं.

चांगुणाबाई साठीला टेकलेली, काटक, खालच्या वस्तीतली. वस्तीत सगळी बौद्ध घरं. तिचा नवरा जानराव ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा होता. टेकडीवरच्या टाकीपासून गावभर पसरलेल्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, कोणत्या आळीची पाळी कधी ते सांभाळायचं. खालच्या वस्तीची पाळी मंगळवारी. त्या दिवशी दोन तास व्हॉल्व्ह पुरा उघडा ठेवला तरी वस्तीतल्या नळांना करंगळीएवढीही धार नसायची. टाकीतून पाणी तर निघतंय, मग जातं कुठं, या एका प्रश्नानं जानरावाला पछाडलं. कुदळ घेऊन त्यानं पाइपलाइनच्या कडेनं खड्डे घ्यायला सुरुवात केली. सात खड्डे झाले. आठवा तो पंजाबरावांच्या मळ्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून घेणार होता.

पंजाबराव तेव्हा सरपंच. आठवा खड्डा पडायच्या आदल्या दिवशी त्यांनी ग्रामसभा बोलावली. जानराव आपल्या वस्तीला चोरून पाणी सोडतो, लोकांना संशय येऊ नये म्हणून गळती शोधायचं सोंग करतो आणि चांगला पाइप फोडतो, असं त्यांनी सांगितलं. त्याला कामावरून काढायचा ठराव मांडला आणि वर शब्द वापरला, पाणीचोर. हात वर झाले. खालच्या वस्तीतलेही काही हात वर झाले, कारण नळाला पाणी नाही आणि पाणी सोडणारा आपलाच, हा राग त्यांनाही होताच. चांगुणाबाईनं कुणाकुणाचे हात होते ते मोजून ठेवले नाहीत. तिनं तोंड लक्षात ठेवलं, ज्या तोंडातून शब्द निघाला ते.

नोकरी गेली त्याचं तिला एवढं काही नव्हतं. मजुरी दोघांनाही करता येत होती. पण शब्द चिकटला. पोरगा शाळेत गेला की पोरं विचारायची, आज किती घागरी चोरल्या. आणि जानरावानं एक विचित्र गोष्ट सुरू केली. कुणाच्याही घरी गेला, लग्नाला, मौतीला, सख्ख्या बहिणीकडे, तरी तो पाणी मागायचा नाही. पुढे केलं तर तांब्याला हात लावायचा नाही. उन्हातान्हाचा चालत घरी यायचा आणि स्वतःच्या माठातलं प्यायचा. आठ वर्षं त्यानं हे पाळलं आणि मग एका उन्हाळ्यात गेला. त्याच्या मौतीतसुद्धा मागून कुणीतरी म्हणालं, पाणीचोर गेला बिचारा. चांगुणाबाईनं ऐकलं. तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. हा शब्द ज्या तोंडानं ग्रामसभेत काढला, त्याच तोंडानं ग्रामसभेत गिळायचा.

आता पंजाबरावांची विहीर. मे महिन्यात आसपासच्या विहिरी तळ दाखवतात तेव्हाही ही भरलेली. भोवती दोन एकर हिरवीगार मिरची. विहिरीत एका अंगाला, कपारीच्या आतून अधूनमधून पाणी पडल्याचा आवाज येतो. पंजाबराव येणाऱ्याजाणाऱ्याला तो ऐकवायचे आणि म्हणायचे, जिवंत झरा आहे, वडिलांची पुण्याई. उन्हाळ्यात खालच्या वस्तीच्या बायांना ते या विहिरीवर पाणी भरू द्यायचे, मंगळवारी आणि शनिवारी. स्वतः खुर्ची टाकून बसायचे. भरून झालं की प्रत्येकीनं म्हणायचं, उपकार झाले भाऊ. असा काही नियम नव्हता, पण जी म्हणायची नाही तिच्याकडे ते बघत राहायचे. चांगुणाबाई म्हणायची नाही. एकदा त्यांनी तिला मुद्दाम थांबवून विचारलं, पाणी गोड आहे ना. डोक्यावर हंडा होता, मागं सून होती. ती हो म्हणाली. हे मला तिनं वर्षभरानं सांगितलं तेव्हासुद्धा तो ‘हो’ तिला सलत होता.

प्रकल्प आला तो असा, या सगळ्याच्या वर. पाहुण्यांमध्ये मुख्य बाई इंगे नावाच्या, पन्नाशीच्या, उंच. गावानं त्यांना पहिल्याच दिवशी इंगळेबाई करून टाकलं आणि दोन म्हाताऱ्यांनी मला विचारलंही, की या कुठल्या इंगळ्यांपैकी. इंगळेबाईंनी टाकीच्या तोंडाशी मीटर बसवलं, घरोघरच्या नळांचं पाणी मोजलं. टाकीतून शंभर लिटर निघालं तर घरांत साठच पोचत होतं. पंजाबराव आता पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, जुना पाइप आहे, गळती असणारच. आमच्या कागदांवर ‘गळती’ असं लिहिलं गेलं आणि नव्या पाइपलाइनचा प्रस्ताव तयार झाला. डेन्मार्कच्या मदतीनं नवा पाइप पडणार होता, जुन्याच वाटेनं, त्याच धुऱ्याला लागून. आम्ही शिकलेली माणसं किती सहज फसतो, याची मला आजही लाज वाटते.

प्रकल्पाचा दुसरा भाग होता पाणी तपासणीचा. गावातल्या पाच बाया निवडून त्यांना किट द्यायचं. चांगुणाबाईचं नाव तिच्या सुनेनं, महामायेनं दिलं. तपासणी सोपी होती. टाकीच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून टीसीएल पावडर टाकतात. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे, पावडर असली तर पाणी पिवळं होतं. शाळेत प्रशिक्षण घेताना मी सोपं करून सांगितलं, की पिवळं झालं म्हणजे समजायचं पाणी पास. उद्घाटनाला पंजाबराव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी तेवढं एक वाक्य घेतलं आणि चहा पिऊन निघून गेले.

चांगुणाबाई शेवटपर्यंत बसली. तिनं मला विचारलं, की विहिरीचं पाणी कधी पिवळं होतं का. नाही, म्हटलं, जमिनीतल्या पाण्यात ही पावडर नसतेच, कुणी टाकली तरच. पुढच्या आठवड्यात तिनं तेच पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, बाईच्या लक्षात राहत नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, काळजी करू नका, सरावानं येईल. तेव्हा ती काय करून आली होती ते मला कळायला सहा आठवडे जायचे होते.

वैशाखातला मंगळवार होता, वस्तीच्या पाळीचा. नळ नेहमीसारखे कोरडे, म्हणून बाया विहिरीवर. चांगुणाबाईनं कपारीतून पाणी पडतं तिथं पोहरा सोडला, वर घेतला, कमरेची पिशवी उघडून नळी भरली आणि थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. बाकीच्या बाया दोर ओढण्यात गुंतलेल्या, पंजाबराव खुर्चीवर फोनवर. तिनं नळी मिरचीच्या वाफ्यात ओतली, हंडा उचलला आणि घरी आली.

त्याच दिवशी तिनं मला सांगितलं असतं तर आठ दिवसांत विहिरीत सोडलेला चोरटा पाइप निघाला असता. हे तिलाही ठाऊक होतं. तिचं म्हणणं वेगळं होतं. तक्रार गेली की वरून साहेब येण्याआधी पाइप गायब होणार, विहीर महिन्याभरात आटणार, पंजाबराव म्हणणार की झरा रुसला. वस्तीला पाणी मिळेल, पण जानराव चोर तो चोरच. तिला ते परवडणारं नव्हतं. म्हणून ती गप्प बसली, शनिवार-मंगळवार त्याच विहिरीवर जात राहिली आणि सापळा लावला.

पंजाबरावांची बायको सोजराबाई भाजीबाजाराला जायची तेव्हा चांगुणाबाई तिच्या वाटेत बसू लागली. इकडचं तिकडचं बोलता बोलता तिनं सांगितलं, की ज्या विहिरीचं पाणी पिवळं होईल तिला इंगळेबाई मोठा बोर्ड लावणार आहेत, मालकाच्या वडिलांच्या नावानं. असला कोणताच बोर्ड नव्हता. पण दोन दिवसांत पंजाबरावांचा मला फोन आला. पाहुण्यांची ग्रामसभा यंदा शाळेत नको, मळ्यात घेऊ, मांडव आणि जेवण माझ्याकडे, विहीरही बघून होईल. मी आनंदानं हो म्हटलं. गावचा पुढारी एवढा रस घेतोय याचा मी अहवालात वेगळा उल्लेख केला होता.

जूनचा शेवट आला. मृग कोरडा गेला होता. पाहुणे यायचे म्हणून गावानं जे करायचं ते सगळं केलं. शाळा रंगवली, गटारीत चुना टाकला. पंजाबरावांनी आताच्या पाणी सोडणाऱ्याला, हरिओमला, हुकूम दिला, की पाहुणे पाणी तपासणार, पावडर कमी पडू द्यायची नाही, आणि खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह सकाळपासून पुरा उघडा ठेवायचा, नळांना धार दिसली पाहिजे. हरिओमनं तीन दिवसांची पावडर एका दिवशी टाकली. त्या सकाळी चहालाही दवाखान्याचा वास येत होता. व्हॉल्व्ह सकाळपासून उघडाच राहिल्यामुळे वस्तीतल्या नळांना करंगळीएवढी धार आली आणि विहिरीतला झरा धो धो वाहू लागला.

मांडवात तीनशे माणूस असेल. पंजाबरावांनी नारळ फोडला, इंगळेबाईंना फेटा बांधला. मग सगळ्यांना विहिरीच्या काठावर नेलं आणि हात वर करून शांत केलं. खालून पाण्याचा आवाज येत होता. जिवंत झरा, असं त्यांनी सांगितलं आणि मी इंग्रजीत सांगितलं. इंगळेबाई वाकून ऐकत राहिल्या. मग पंजाबराव माइकवर म्हणाले, की आपल्या गावच्या बाया हुशार झाल्या आहेत, आज सर्वांसमोर माझ्या विहिरीचं पाणी तपासा. चांगुणाबाई किट घेऊन उभीच होती.

तिनं पोहरा सोडला, नळी भरली, थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळंधमक झालं. तिनं नळी वर धरली. पंजाबरावांनी टाळ्या वाजवल्या, मांडवानं वाजवल्या. माझे हात मात्र जागच्या जागी राहिले. तीन वेळा विचारलेला तो प्रश्न मला तेव्हा कुठं कळला. इंगळेबाईंच्या कपाळावर आठी पडली होती.

टाळ्या थांबेपर्यंत चांगुणाबाई थांबली. मग तिनं साध्या आवाजात विचारलं, “भाऊ, या विहिरीत टीसीएल कधी टाकलं तुमी?”

पंजाबराव दुखावल्यासारखे झाले. माइक तोंडाशीच होता. “माह्या विहिरीत आजपावतर चिमूटभर औषध पडलं नाई. देवाचं पानी हाय हे.”

“मंग पिवळं कसं झालं? पिवळं तं टाकीचं पानी होते.”

इंगळेबाईंनी मला विचारलं, मी सांगितलं. त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली, आणि ती मी माझ्या तोंडानं हरिओमला सांगितली: जा, खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह बंद कर. हरिओमनं पंजाबरावांकडे पाहिलं. मग इंगळेबाईंकडे पाहिलं. मग तो धावत गेला. व्हॉल्व्ह मळ्यापासून दोनशे पावलांवर आहे. आम्ही काठावर उभे राहिलो. थोड्या वेळानं खालचा आवाज पातळ झाला, मग टपटप झाली, मग तीही थांबली. जिवंत झरा तीनशे माणसांसमोर मेला.

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगते. आनंद झाला. माझ्या कामात कधी होत नाही एवढा, दुष्ट आनंद.

पंजाबराव पुढारी माणूस, लगेच सावरले. जुन्या काळी गडीमाणसांनी परस्पर जोडलं असेल, मला कल्पना नाही, आजच तोडून टाकतो, काय दंड असेल तो भरतो, खालच्या वस्तीचं पाणी उद्यापासून सुरळीत. लोक माना हलवायला लागले. प्रकरण मिटायच्या वाटेला लागलं होतं, आणि आमच्यासारख्यांना मिटलेलं प्रकरण फार आवडतं. चांगुणाबाई मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“पानी तं येईनच आता,” ती म्हणाली. “माह्या मानसाले याच सभेत तुमी काय म्हनलं होतं, ते काढून घ्या.”

त्यांनी हात जोडले. झालं गेलं विसरा वहिनी, असं काहीतरी पुटपुटले. ती हलली नाही. खालच्या वस्तीतली माणसं तिच्यामागं येऊन उभी राहिली, ज्यांनी तेव्हा हात वर केले होते तीसुद्धा. सोजराबाईनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. शेवटी पंजाबराव जमिनीकडे बघत म्हणाले, “जानराव चोर नव्हता.”

“माइकमंधी.”

त्यांनी माइकवर म्हटलं.

“मंग चोर कोन होता?”

मांडवाच्या कापडाखाली सगळे घामानं निथळत होतो. मग कर्ण्यातून आवाज आला, “मी.”

इंगळेबाईंनी माझ्या कोपराला हात लावला, काय म्हणाले म्हणून. आणि मी, काय सांगू, सवयीनं इंग्रजीत म्हणाले, की जुन्या कर्मचाऱ्याबद्दल काही गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला. आमच्या धंद्यात हे असंच चालतं. कुणाची लाज जाऊ नये, प्रकल्प चालत राहावा. महामाया बारावी झालेली, तिला इंग्रजी कळतं. ती सासूच्या कानाशी लागली. चांगुणाबाई माझ्याकडे वळली. वर्षभर मला ताई म्हणणारी बाई त्या दिवशी म्हणाली, “ए पोरी. मऊ करू नको. जसं म्हनलं तसं सांग तिले. अन् लिहून घे म्हना.”

मी तसंच सांगितलं. इंगळेबाईंनी वही काढली आणि जानरावाचं नाव कसं लिहायचं ते मला विचारलं. नवी पाइपलाइन रद्द झाली, कारण तिची गरजच नव्हती. अहवालात आमच्या ऑफिसनं ‘अनधिकृत जोडणी’ असं लिहिलं. इंगळेबाईंनी ते खोडायला लावून नावं घालायला लावली, दोन्ही नावं.

गोष्ट इथं संपली असती तर मीही तिला सोशिक म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच संध्याकाळी वस्तीत, विहाराच्या ओट्यावर सगळ्या बाया जमल्या असताना, महामायेनं विचारलं, “आत्याबाई, तुमाले हे कधीपासून मालूम होतं?”

चांगुणाबाई खोटं बोलली असती तर कुणाला कळलं नसतं. “वैशाखापासून,” ती म्हणाली.

ओट्यावरचं हसणं थांबलं. सहा आठवडे. वैशाखाच्या आणि कोरड्या मृगाच्या उन्हात सहा आठवडे त्या बाया दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर घेऊन त्या मळ्यातून येत होत्या, आणि ज्यानं त्यांचं पाणी पळवलं त्याला उपकार झाले म्हणत होत्या. एकीनं रडत विचारलं, की आम्हाला नाही तर निदान घरच्या सुनेला तरी सांगायचं. दुसरी म्हणाली, तुझ्या मेलेल्या माणसासाठी तू आमची जिवंत पोरं तहानलेली ठेवली. मला वाटलं, आता ही माफी मागेल. मागायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

तिनं मागितली नाही. ती म्हणाली, “तुमचं बरोबर हाय. पन त्या दिवशी सांगतलं असतं तं पाइप निंघाला असता, शब्द नसता निंघाला. पुन्हा तशी येळ आली तं पुन्हा थांबीन.” मग म्हणाली, की सहा आठवडे तुम्ही भरलं, आता सहा आठवडे मी सगळ्यांच्या मागून भरीन. कुणी तिला नको म्हटलं नाही.

पुढच्या मंगळवारी वस्तीत पहिल्यांदा नळाला मनगटाएवढी धार आली. पोरं खाली बसून डोकी भिजवत होती. चांगुणाबाई आपली घागर घेऊन उंबऱ्यात बसली होती. सगळ्यांचं भरून झालं तेव्हा पाळी संपत आली होती आणि हरिओम व्हॉल्व्ह बंद करायला निघाला होता. तिनं अर्धी घागर भरली आणि मला पाणी प्यायला बोलावलं. मी आत गेले. तिनं तांब्या आधी जानरावाच्या तसबिरीपुढे ठेवला, चांगला वेळ ठेवला, आणि मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “घ्या. आता कोनाच्याबी घरचं प्या.”